अंगठ्याखालची ओळ

मित्रांनो, मी शाईचा एक जुना पॅड आहे आणि आता जवळजवळ कोरडा पडलो आहे. माझ्या पत्र्याच्या झाकणाचा एक कोपरा गंजला आहे. आतल्या कापडाला मधोमध खळगा पडला आहे. तो खळगा पडायला चौदा वर्षे लागली आणि तो माणसांच्या अंगठ्यांनी पाडला. त्या हजारो अंगठ्यांची कहाणी मी तुम्हांला सांगणार नाही. एका दुपारी जो अंगठा माझ्यापर्यंत येऊन मागे फिरला, त्याची सांगणार आहे.

नाशिकच्या भद्रकालीत हबीबचाचांचे पत्र्याच्या डब्यांचे लहानसे दुकान होते. १९७१ साली त्यांनी मला तेलाच्या रिकाम्या डब्यातून कापून काढले. त्यांच्या पत्नीने, खुर्शीदाबींनी, माझ्यात लोकरी नमदा बसवला आणि त्यावर मलमल ताणून शिवली. हबीबचाचांनी झाकण तीनदा उघडून मिटून पाहिले आणि म्हणाले, "ढक्कन घट्ट बसलं पायजे. शाई सुकली तर ये डबा काय कामाचा?" माझ्या जन्माच्या वेळी झालेले भाषण एवढेच. पुढे मी पुष्कळ भाषणे ऐकली. इतके खरे वाक्य त्यांत क्वचितच होते.

एका सरकारी कचेरीने मला विकत घेतले आणि वाल्मीक पगारे नावाच्या कारकुनाच्या स्वाधीन केले. पगारे अंगाने बारीक, बोलायला कमी आणि अक्षराने अत्यंत सुंदर होते. १९७२च्या विधानसभा निवडणुकीत ते मला घेऊन हरसूलच्या बाजूला डोंगरात मतदान केंद्रावर गेले. मतपत्रिका फाडून देण्यापूर्वी तिच्या स्थळप्रतीवर मतदाराची सही किंवा अंगठा घ्यावा लागे. त्या दिवशी सही करणारे अकरा निघाले, बाकी सारा डोंगर माझ्याकडे आला. नांगराने घट्टे पडलेले, दळणाने झिजलेले, विळ्याने कापून वाकडे जुळलेले अंगठे. लोकशाही म्हणजे काय हे मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. त्या दिवशी तिचे वजन मात्र माझ्या अंगावर पडले.

पगाऱ्यांची एक पद्धत होती. कोणत्याही अर्जावर, जबाबावर किंवा करारावर अंगठा घेतला की ते त्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहीत : "वरील मजकूर संबंधितास त्याच्या बोलीत वाचून दाखविला, तो त्याने मान्य केला, म्हणून अंगठा घेतला." खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. नियमच तसा आहे, पण बाकीचे कारकून ती ओळ आधीच छापून ठेवत आणि वाचत काहीच नसत. पगारे खरोखर वाचत. बागलाणचा माणूस आला तर अहिराणीत, पेठ-हरसूलचा आला तर तिथल्या आदिवासींच्या कोकणीत, मालेगावचा आला तर मोडक्या उर्दूत. कारण त्यांच्या आईचा, शकुबाईंचा, अंगठा एकदा न वाचलेल्या कागदावर घेतला गेला होता, आणि घराची वतनाची जमीन त्या अंगठ्याबरोबर निघून गेली होती. पगारे हे कोणाला सांगत नसत. मला ठाऊक आहे, कारण ती ओळ लिहिताना त्यांच्या टाकाचा जोर बदलत असे.

सही करणाऱ्याच्या नावाखाली मात्र ती ओळ येत नाही, हे नीट लक्षात ठेवा. ज्याला सही येते त्याला वाचता येते, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकावर केवढी मोठी इमारत उभी राहू शकते, ते मी १९७८ साली पाहिले.

हरसूलच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत खैरपाडा नावाचा पाडा आहे. तिथली एकेचाळीस घरे एकसाली जमिनींवर नागली आणि वरई पेरत. एकसाली म्हणजे एका वर्षाची. दर वर्षी जंगलाच्या माणसाने हो म्हटले तर पेरायचे, नाही म्हटले तर बसून राहायचे. आणि त्याने हो म्हणावे म्हणून प्रत्येक घरातून एक कोंबडी त्याच्या पिशवीत जायची. या पाड्यातला सहादू टोपले १९७८च्या निवडणुकीत अपक्ष उभा राहिला. त्याने एकच वचन दिले : एकसालीची जमीन कायमची नावावर करून आणीन. दुसरे वचन त्याला सुचलेही नसावे. डोंगराने त्याला थोडक्या मतांनी निवडून दिले.

त्याच्या आदल्या वर्षी पाड्यात प्रौढांचा रात्रीचा वर्ग निघाला होता. सहादू आणि त्याची बायको मैना दोघेही त्यात बसत. वर्ग चार महिन्यांत बंद पडला. तेवढ्यात दोघे आपापले नाव लिहायला शिकले, पुढचे काही नाही. सहादूला त्या सहीचा फार अभिमान होता. आमदारकीचा अर्ज भरताना त्याने ती जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत केली होती आणि नंतर बराच वेळ ती वाळत असलेली पाहत राहिला होता.

निकाल लागला आणि कोणालाही बहुमत नाही, असे दिसले. महिनाभर ज्यांनी एकमेकांना देशाचे शत्रू म्हटले होते, त्यांना अचानक एकमेकांच्या विचारसरणीत साम्य आढळू लागले. तत्त्वे जुळायला एक दुपार पुरली. खाती जुळायला तीन दिवस लागले. बहुमताला चारजण कमी पडत होते, म्हणून अपक्षांना शोधून नाशिकच्या एका विश्रामगृहात आणण्यात आले. कागदपत्रांच्या कामाला एक कारकून हवा होता. पगाऱ्यांना बोलावणे आले. ते टाक, दौत आणि मला घेऊन गेले. सरकारी कारकून एका आघाडीच्या टेबलाशी का बसतो, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. असले प्रश्न पुस्तकांत विचारले जातात.

त्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मी आपला देश पाहिला. एका खुर्चीवर अहिराणी, दुसरीवर उर्दू, खांबाला टेकून कोकणी, फोनवर हिंदी. आघाडीचे नेते, ज्यांना सारे नुसते साहेब म्हणत, प्रत्येकाशी त्याच्या बोलीतली दोन वाक्ये बोलत. बहुभाषिकतेचा एवढा आदर मी पूर्वी पाहिला नव्हता. राज्यपालांना द्यायची पाठिंब्याची पत्रे मात्र एकाच भाषेत टाइप झाली होती, आणि ती त्या व्हरांड्यातल्या कोणाचीच नव्हती. ती इंग्रजी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सहादूला आत बोलावले. मैना त्याच्याबरोबर आली होती. ती उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून खाली बसली. खुर्ची दिली होती, ती तिने घेतली नाही. सहादूने आपली अट पगाऱ्यांना सांगितली आणि त्यांनी ती सुवाच्य मराठीत लिहिली : खैरपाड्याच्या एकेचाळीस कुटुंबांच्या एकसाली जमिनी कायम त्यांच्या नावे व्हाव्यात, या अटीवर पाठिंबा. साहेबांनी तो कागद वाचला, मान डोलावली, त्याची चौपदरी घडी घातली आणि छातीच्या खिशात ठेवली. म्हणाले, "सहादूभाऊ, हा कागद आता माझ्या काळजाजवळ आहे." मग ते फोन घ्यायला बाहेर गेले. तो कागद त्यानंतर कोणीही पाहिला नाही. काळजाजवळ इतकी जागा असते, हे मला त्या दिवशी कळले.

टेबलावर राहिले ते इंग्रजी पत्र आणि आघाडीचे वकील. पगाऱ्यांना सहादूचे वाचन ठाऊक होते. मतदारयादीच्या वेळी त्यांनीच त्याचा अंगठा घेतला होता. त्यांनी मला पुढे सरकवले आणि माझे झाकण उघडले.

वकिलांनी वर न पाहता सांगितले, "पगारे, तो पॅड मिटा. आमदारसाहेब सही करतात."

सहादू ताठ बसला. आमदारसाहेब हा शब्द त्याला अजून नवा होता.

भिंतीपासून मैनाचा आवाज आला, "यात काय लिवलं हाय, ते वाचून तर दाखवा."

वकिलांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; रागावण्याएवढी किंमत त्यांनी दिली नाही. ते हसून म्हणाले, "ताई, विधानसभेत बसणाऱ्या माणसाला आम्ही वाचून दाखवायचं? तसं बरं दिसेल का? काय सहादूभाऊ, दाखवू वाचून?"

मित्रांनो, ही फास टाकण्याची फार सभ्य रीत होती. हो म्हणायचे तर चार लोकांसमोर कबूल करायचे की आपल्याला सहीपलीकडे काही येत नाही. नाही म्हणायचे तर न वाचता नाव लिहायचे. सहादूने माझ्याकडे पाहिले. मी उघडा होतो, ओला होतो. त्याचा डावा हात टेबलाच्या कडेपर्यंत आलाही.

पगाऱ्यांनी वकिलांना दबल्या आवाजात म्हटले, "साहेब, अंगठा घेतला तर नियमानं सगळं वाचून..."

"आमदाराचा अंगठा राज्यपालांकडे पाठवायचा?" वकील म्हणाले. "उद्या पेपरात येईल. यांचीच अब्रू जाईल, आपलं काय जातं?"

सहादूचा हात मागे गेला. त्याने उजव्या हाताने पेन घेतले आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर कोरले. सही खरोखर चांगली आली होती.

आता मी तुम्हांला जे सांगणार आहे ते मला सांगायला आवडत नाही. पगाऱ्यांना इंग्रजी येत होते. पत्र त्यांच्या हातासमोर होते आणि त्यात पाठिंबा 'बिनशर्त' आहे असे स्पष्ट लिहिले होते. त्यांनी ते वाचले. कापड ताणल्यासारखा त्यांचा चेहरा ताणला गेलेला मी पाहिला. ज्या माणसाने सहा वर्षे अनोळखी माणसांना अर्जाचे प्रत्येक वाक्य तीन-तीन बोलींत वाचून दाखवले, तो त्या एका शब्दापुढे गप्प बसला. त्यांना नोकरी होती, तीन मुली होत्या. मी कारण सांगतो आहे, क्षमा करत नाही. त्यांनी माझे झाकण मिटले. ते घट्ट बसले. हबीबचाचांचे काम पक्के होते.

सरकार आले. मृगात खैरपाड्याच्या माळावर खाकी कपड्यांतली माणसे आली, त्यांनी नागलीची रोपे उपटली आणि सागाची लावली. सहादू मुंबईला गेला. परतताना तो पगाऱ्यांच्या टेबलाशी आला आणि उभ्यानेच त्याने सारे सांगितले. त्या वकिलांना आता मोठे दालन मिळाले होते. त्यांनी पत्राची नक्कल समोर ठेवून विचारले होते की सही तुमचीच ना. सहादू हो म्हणाला होता. मग त्यांनी बिनशर्त या शब्दाचा अर्थ त्याला मराठीत समजावून सांगितला होता. वाचून दाखवण्याचे काम शेवटी झाले, फक्त सहीनंतर झाले.

"भाऊसाहेब," सहादूने पगाऱ्यांना विचारले, "तुम्ही व्हते ना तवा तिथं?"

पगारे म्हणाले, "होतो."

सहादूने पगाऱ्यांना नेहमीसारखा नमस्कार केला आणि तो निघून गेला. तेच मला सहन झाले नाही.

ते सरकार पिकाच्या एका हंगामातच पडले. पुढचे आले, तेही गेले. प्रत्येकाच्या टाचणात खैरपाड्याविषयी 'आमदारांचा आक्षेप नाही' एवढी नोंद तशीच पुढे जात राहिली. सरकारे बदलतात तेव्हा टाचणे बदलत नाहीत, हे राज्यशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळलेले नाही. पाड्यात सहादूला कोणी शिवी दिली नाही. संध्याकाळी त्याच्या शेकोटीशी बसायला येणे मात्र लोकांनी बंद केले.

माझेही दिवस गेले. १९८० नंतर प्लास्टिकचे गुबगुबीत पॅड आले आणि मी खणात पडलो. त्याच सुमारास साक्षरतेची उद्दिष्टे ठरली. किती लोक वाचू लागले हे मोजणे अवघड होते, म्हणून किती लोक अंगठा देत नाहीत हे मोजले गेले. टेबलाशी आलेल्या म्हाताऱ्यांना पाच मिनिटांत नावाची रेघोटी शिकवून साक्षर केले जाई. अंगठे कमी झाले, तशी पगाऱ्यांची ती ओळही कमी झाली. याला प्रगती म्हणत. मी खणात वाळत पडलो होतो आणि माझे मत विचारणारे कोणी नव्हते.

मग १९८५च्या निवडणुकीचे दिवस आले. खैरपाड्याचा प्रश्न सुटला असे प्रचारात सांगता यावे, म्हणून एक योजना निघाली : एकेचाळीस कुटुंबांना दूरच्या तालुक्यात पर्यायी जमीन. त्यासाठी संमतिपत्रे हवी होती. हरसूलच्या बाजाराच्या दिवशी चावडीत टेबल मांडले गेले. एक तरुण अधिकारी, ढीगभर छापील कागद, आणि मदतीला पगारे. त्यांना निवृत्तीला सोळा दिवस उरले होते. निघण्यापूर्वी त्यांनी खण उघडला, मला पिशवीत घातले आणि शाईची लहान बाटलीही घेतली. का, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

सगळा पाडा बाजारातून चावडीत आला. पुढे मैना होती. सहादू सर्वांत मागे, दाराबाहेर उभा होता. अधिकाऱ्याने यादी पाहिली आणि कौतुकाने म्हणाला, "मैनाबाई, तुम्ही तर साक्षर आहात. वर्गाच्या यादीत नाव आहे तुमचं. या, इथे सही करा."

मैनाने पेन परत त्याच्याकडे सरकवले. मग म्हणाली, "अंगठा देते."

"अहो, पण तुम्हाला सही येते ना?"

"येते. सही आली म्हंजे तुम्ही वाचायचं सोडता. मी अंगठा देते. आता वाचा."

अधिकारी म्हणाला की त्याने पॅडच आणलेला नाही. आता अंगठे लागतच नाहीत. तेव्हा पगाऱ्यांनी पिशवीतून मला काढले. झाकण गंजले होते, त्यांनी ते गुडघ्यात धरून उघडले. बाटलीतली शाई माझ्यावर ओतली. पाच वर्षांनी मी प्यालो. ती शाई माझ्या नमद्यात उतरत होती तेवढा वेळ मैना अंगठा वर धरून वाट पाहत होती.

"वाचतो," पगारे म्हणाले.

ते मराठीत वाचत आणि लगेच कोकणीत सांगत. पहिले कलम, दुसरे, तिसरे. अधिकारी घड्याळ पाहू लागला. चौथे कलम आले : 'पूर्वीच्या जमिनीवरील माझे व माझ्या वारसांचे सर्व हक्क मी स्वखुशीने सोडून देत आहे.' पगाऱ्यांनी ते कोकणीत सांगितले. मग न थांबता पाचवे सांगितले : पर्यायी जमीन 'उपलब्धतेनुसार' मिळेल, म्हणजे असली तर मिळेल, नसली तर नाही.

मैनाने विचारले, "हे चौथं परत एकदा सांगा."

त्यांनी परत सांगितले. अधिकाऱ्याने त्यांना दटावले की तुम्ही निवृत्तीच्या दारात आहात, सांभाळून राहा. पगारे म्हणाले, "सात वर्षांपूर्वी सांभाळलं होतं, साहेब. ते पुरे झालं."

मैनाने अंगठा माझ्यावर दाबला, पुरता ओला केला, आणि तो त्या कागदापाशी नेऊन वरच्या वर थांबवला. मग ती पगाऱ्यांना म्हणाली, "भाऊसाहेब, कोरा कागद घ्या. त्यावर लिवा, आम्ही ऐकलं, आमाला मान्य नाय. तो वाचून दाखवा. त्यावर देते."

पगाऱ्यांनी तसे लिहिले. चार ओळी होत्या, त्या त्यांनी दोन्ही बोलींत वाचल्या. मग एकेचाळीस घरांचे एकेचाळीस अंगठे माझ्यावर आले. त्यांतल्या नऊ जणांना सही येत होती. त्यांनीही अंगठाच दिला. रांग संपली तेव्हा लोकांनी मागे वळून पाहिले. सहादू अजून दाराबाहेरच होता. कोणी त्याला हाक मारली नाही. मैनानेही नाही. पण लोक दोन्ही बाजूंना सरकले आणि टेबलापर्यंत वाट झाली.

तो आला. एके काळचा आमदार, राज्यपालांच्या दप्तरात ज्याची सुरेख सही आहे तो माणूस. त्याने डावा हात पुढे केला आणि अंगठा माझ्यावर ठेवला. असा ठेवला की तो उचलायचे विसरला असावा. माझ्या कापडातला सर्वांत खोल ठसा तो आहे. त्या एकेचाळिसांनी जेवढा खळगा पाडला नव्हता, तेवढा त्या एकाने पाडला.

खाली पगाऱ्यांनी आपली ओळ लिहिली. या वेळी टाकाचा जोर बदलला नाही.

पुढे काय झाले ते खोटे गोड करून मी सांगणार नाही. पगाऱ्यांची चौकशी झाली आणि निवृत्तिवेतन दोन वर्षे अडले. निवडणुकीत प्रश्न सुटल्याचे सांगायचे ते सांगितले गेलेच. माळावर अजून साग उभा आहे. पण हक्क सोडल्याचा कागद जगात कोणाच्याही फायलीत नाही, आणि नकाराचा आहे. त्या संध्याकाळपासून सहादूच्या शेकोटीशी माणसे पुन्हा बसू लागली.

चावडीतून निघताना मैनाने मला मागून घेतले. आता मी खैरपाड्यात तिच्या घरातल्या फळीवर, मिठाच्या मडक्याशेजारी असतो. पाड्यात कोणताही छापील कागद आला की तो आणणाऱ्याला आधी या घरात यावे लागते. मैना मला खाली काढते, झाकण उघडते आणि समोर ठेवते. माझी शाई बहुतेक उडाली आहे. तरी मला पाहताच साहेब लोक घसा खाकरून वाचायला लागतात.

मित्रांनो, तुम्ही शाळेत जाता, तुम्हांला सही येईल. ती सुंदर काढा, पण तिच्यावर भाळू नका. तुमची भाषा लहान आहे म्हणून कोणी मोठ्या भाषेतला कागद पुढे सरकवला, आणि न वाचण्यालाच मान म्हणू लागला, तर लाजू नका. हात मागे घ्या आणि त्याला वाचायला सांगा. जे कळले नाही ते दुसऱ्यांदा विचारा. चौथे कलम तर अवश्य विचारा.

आणि माझ्यासारखा एखादा जुना पॅड घरात सापडला तर फेकू नका. दोन थेंब शाई घाला. झाकण घट्ट लावून ठेवा.